शिकाऊ ते पक्का परवाना

आपल्यांपैकी कित्येकांच्या घरी मोटारीशेजारी उभ्या असलेल्या आजोबांचे जुने छायाचित्र असेल. मोटार विकत घेता येते. ती रस्त्यावर चालविण्याचा अधिकार मात्र योग्यता सिद्ध करून मिळवावा लागतो, हे तत्त्व कायद्यात सावकाश रुजले. विलायतेत १९०३च्या कायद्याने परवाना आला, तो पाच शिलिंग भरले की मिळे. चाचणी सक्तीची झाली १९३५ साली. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४चा मोटार कायदा झाला, पुढे १९३९चा. सध्याचा १९८८चा कायदा १ जुलै १९८९ रोजी अंमलात आला.

त्यानुसार मोटार शिकणाऱ्याचे वय किमान १८ वर्षे लागते. वाहतुकीच्या खुणा व नियम यांची परीक्षा उतरल्यावर ६ महिन्यांचा शिकाऊ परवाना मिळतो. गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावयाचे, आणि गाडी थांबविता येईल अशा जागी परवानाधारक शिक्षक बसवावयाचा. निदान ३० दिवस लोटल्यावर प्रत्यक्ष चाचणी देता येते. तीत उत्तीर्ण होणाऱ्यास पक्का परवाना मिळतो.

हे ३० दिवस आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात. ओळखीपाळखीने चाचणी चुकविणारा स्वतःचे श्रम वाचवितो, पण अनोळखी वाटसरूचा जीव पणास लावतो. नातवंडांच्या हाती किल्ली देण्यापूर्वी ती तांबडी पाटी आपणच आपल्या हाताने लावावी.