बापाच्या रेषेत मूळ शोधणाऱ्यांसाठी

थुंकीचा नमुना पाठवला की काही आठवड्यांत वडिलांकडच्या वंशाचा डीएनए अहवाल हाती येतो. आपली शिकलेली मुलेही आता या चाचणीबद्दल विचारू लागली आहेत. कोणाला मूळनिवासी असल्याचा पुरावा हवा असतो, कोणाला नागवंशी असल्याचा. आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. पण हे विज्ञान नेमके काय सांगते, ते तपासायला हवे.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यात क्वचित होणाऱ्या बदलांवरून पितृवंशाच्या आर१ए, एच, एल अशा शाखा ठरतात. नागवंश किंवा महार नावाची शाखा त्यात नाही. आता हिशेब करा. दहा पिढ्या मागे गेलो तर आपल्या पूर्वजांच्या १०२४ जागा भरतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाचा माग देते. ५१२ आयांबद्दल ते काहीच सांगत नाही. बीज श्रेष्ठ, असे मनुस्मृतीचा नववा अध्याय सांगतो. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. मग बापाच्या रेषेलाच आपण मूळ का मानायचे?

२००१ साली बामशाद आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. उच्च जातींचा पितृवंश युरोपीयांना अधिक जवळचा, असे त्यात म्हटले होते. आपल्या अनेक भाषणांत तो अंतिम पुरावा झाला. पण त्यातले जातींचे नमुने आंध्रमधले होते. शिवाय आर१ए ही शाखा ब्राह्मणांत जास्त आढळत असली, तरी चेंचू आदिवासींतही ती सापडते. तिच्यावरून माणसाची जात ठरत नाही.

वंशाच्या मोजमापाचा हा खेळ नवा नाही. रिस्लेने नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात अशाच मोजमापांचे आकडे घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवले. वंशाचा सिद्धांत त्यांनी नाकारला. आपण तो प्रयोगशाळेच्या दाराने परत आणायचा का?

मग जनुकशास्त्र आपल्या कामाचे नाही का? आहे. २०१३च्या एका संशोधनानुसार सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि नंतर ही सरमिसळ थांबत गेली. २०१६च्या अभ्यासाने अनेक उच्च जातींसाठी ही वेळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वीची सांगितली. जातीबाहेरचे लग्न बंद झाले, हे त्यामागचे कारण. सजातीय विवाह हाच जातीचा गाभा, हे बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मांडलेच होते. म्हणजे जात रक्तात नव्हती. कुंपण माणसांनी घातले, आणि त्याच्या खुणा रक्तात उमटल्या.

मित्रांनो, पूर्वज जरूर शोधा. महारवतनाचे कागद, पलटणीच्या नोंदी, शाळेचे जुने दाखले पाहा. आजी-पणजीचे माहेर विचारा, कारण ते कोणत्याच वाय गुणसूत्रात सापडणार नाही. पण आपली ओळख त्या अहवालावर टांगू नका. बापाची जात मुलाला चिकटते, हा नियम १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी मोडला. बुद्धाकडे ते वंशाने गेले नाहीत, निर्णयाने गेले. आपले मूळ त्या निर्णयात आहे.

जय भीम!