खलपुरुषाची बाजू

वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात केनवड हे आमचे गाव. तिथून लोणार काही फार दूर नाही. लहानपणी आम्ही सरोवर पाहायला गेलो, म्हणजे बरोबरची वडीलधारी माणसे लवणासुराची गोष्ट सांगत. हा दैत्य त्या विवरात राहून लोकांना छळत होता, विष्णूने त्याला मारले, आणि म्हणून गावात दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले. विवर उल्कापाताने झाले आहे हे पुढे पुस्तकात वाचले. परंतु त्या वेळी माझा प्रश्न वेगळाच होता. "तो लोकायले कायले छळे?" असे मी विचारी. उत्तर ठरलेले असे : "राक्षसच तो! त्याले कारण कायले लागते?"

श्रोतेहो, पुराणकथेला हे उत्तर पुरते. दैत्याला कारण लागत नाही, कारण तिथे दैत्य हा देवाच्या पराक्रमाचे निमित्त असतो. कादंबरी आणि नाटक यांचे मात्र तेवढ्याने भागत नाही. मराठी लेखकाने आपल्या खलपुरुषाला कारण केव्हा आणि कसे दिले, ते आज थोडक्यात पाहू.

पहिले उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चे. हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातलीच. विराटाचा मेव्हणा कीचक सैरंध्रीवर हक्क सांगतो आणि भीमाच्या हातून मरतो. परंतु बंगालच्या फाळणीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला आणि सैरंध्रीत आपला देश पाहिला. सरकारलाही हे कळायला वेळ लागला नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. खलपुरुष जबरदस्त उतरला याचे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? पण जरा विचार केला तर दिसेल की, कीचकाच्या बळाचा मोठा वाटा बाहेरून आलेला होता. प्रेक्षक आपला संताप घरून घेऊन येत होते.

दुसरा प्रकार राम गणेश गडकऱ्यांच्या तळीरामाचा. 'एकच प्याला' १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. तळीराम कपटी नाही, क्रूरही नाही. न्यायालयात अपमान होऊन सनद तात्पुरती गेलेल्या सुधाकराला तो समजुतीच्या सुरात प्याला पुढे करतो. आपण मित्राचे भलेच करतो आहोत असे त्याला वाटते. आपण त्याच्या बोलण्याला हसतो, आणि हसता हसता एक संसार बुडालेला असतो. असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. म्हणून तो खरा वाटतो.

परंतु माझ्या मते या प्रश्नाचा खरा कस लागतो तो राघोबादादांच्या बाबतीत. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारले. मुलगा अवघा अठरा वर्षांचा. कटाच्या मागे त्याचा सख्खा चुलता. रामशास्त्र्यांनी राघोबांना तोंडावर दोषी ठरवले. इथे काळे कोण आणि पांढरे कोण हे शाळकरी पोरही सांगेल.

आता हीच हकीकत राघोबांच्या जागी उभे राहून पाहा. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, त्या मोहिमेचे हे सेनापती. १७६१ मध्ये थोरले भाऊ नानासाहेब वारले, तेव्हा गादीवर बसला सोळा वर्षांचा पुतण्या माधवराव. त्याच्याशी भांडण झाले, लढाई झाली, शेवटी वाड्यातच नजरकैद नशिबी आली. माधवराव गेल्यावर दुसरा पुतण्या गादीवर, आणि कैद पुन्हा तशीच. या माणसाला रात्री झोप येत नसेल, तर तो अंथरुणावर पडल्या पडल्या काय म्हणत असेल? "मी वाईट आहे" असे तो खचितच म्हणत नसेल. "माझे होते ते मला मिळाले नाही", हेच तो म्हणत असेल. या वाक्याने खून क्षम्य होत नाही. परंतु खून कुठून निघाला, ती वाट मात्र दिसू लागते. खाडिलकरांनी १९०९ च्या 'भाऊबंदकी'त हीच वाट रंगवली. रणजित देसायांच्या 'स्वामी'तही (१९६२) राघोबा हा नुसता अडथळा नाही. ज्याच्यावर माधवरावाला रागही येतो आणि ज्याच्या पायाही पडावे लागते, असा तो काका आहे.

मात्र इथेच एक धोका आहे. राघोबांची बाजू समजू लागली की दोषाचे ओझे दुसऱ्या कुणावर तरी टाकावेसे वाटते. ते आनंदीबाईवर पडले. 'धरावे'चे 'मारावे' तिने केले, ही गोष्ट इतकी चटकदार की 'ध चा मा' हा वाक्प्रचारच होऊन बसला. वास्तविक तिच्या वाट्याच्या दोषाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु गोष्टीने निकाल देऊन टाकला आहे, आणि अशा निकालावर अपील चालत नाही.

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचे असेच झाले. शेक्सपिअरने त्याला कुबडा आणि लुळ्या हाताचा करून ठेवला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा वाकडा होता हे खरे निघाले; हात मात्र लुळा नव्हता. आपल्याकडे ना. सं. इनामदारांनी 'झेप' (१९६३) या कादंबरीत असे एक अपील दाखल केले. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ मधल्या खुनाचा ठपका इंग्रजांनी ज्याच्यावर ठेवला, त्या त्रिंबकजी डेंगळ्याची बाजू त्यांनी मांडली.

हे सारे मी वर्गात शिकवतो. पण याच बाबतीत एक चूक माझ्या हातूनही झाली आहे, ती सांगतो. कॉलेजात असताना मी एक कथा लिहिली होती. तिच्यातला सावकार आमच्याच भागातला. त्याने खरेदीखत करून घेऊन आमच्या घरचे वावर गिळले, ते मी जळजळीत शब्दांत लिहिले. आजीला कथा वाचून दाखवली. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, "बाप्पा, पेवाचं नाही लिवलं तू." बहात्तरच्या दुष्काळात याच सावकाराने आपले पेव उघडून आमच्या घराला जवारी दिली होती. मला ते ठाऊक होते. ठाऊक असून मी ते गाळले होते, कारण त्याने माझा सावकार मऊ पडला असता. आजी पुढे म्हणाली, "तवा जवारी त्यानंच देल्ली, अन् वावर बी त्यानंच नेलं."

पुष्कळ वर्षांनी मला उमगले की, माझी सबंध कथा आजीच्या त्या एका वाक्यात होती. पेवामुळे सावकार मऊ पडत नाही. उलट अधिक भयंकर होतो. ज्याच्या जवारीने आपली लेकरे जगली, त्याच्या वहीपुढे आजोबांना मान वर करता आली नसेल. अंगठा उठवताना त्यांचा हात कशाने धरला होता, ते त्या पेवावाचून कळतच नाही.

लेखकाने दुर्जनाला माफ करावे असे माझे म्हणणे नाही. त्याच्या वहीतली जमेची बाजू फाडू नये, एवढेच आहे. लवणासुराला कारण नव्हते, म्हणून त्याला मारल्यावर गोष्ट संपली. माणसाला कारण असते. आजी आता नाही. ती कथा मात्र मी पुन्हा लिहायला घेतली आहे, आणि या वेळी सुरुवात पेवापासून केली आहे.