इसवी सन : ईस्टरच्या गणितातून जन्मलेली कालगणना

देवनहळ्ळी : बंगळूरुजवळील देवनहळ्ळी येथे जन्मलेल्या टिपू सुलतानाने अठराव्या शतकात स्वतःची कालगणना सुरू केली. जन्माच्या वर्षापासून काळ मोजण्याची ही कल्पना नवी नव्हती. इसवी सनही असाच, मूळ घटनेनंतर कित्येक शतकांनी, मागे मोजत ठरवला गेला.

आरंभीच्या ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र सन नव्हता. प्रश्न होता तो ईस्टरच्या दिवसाचा. आशिया मायनरमधील काही मंडळ्या हा सण यहुदी निसान महिन्याच्या १४ व्या तिथीला पाळत, तर रोममध्ये रविवारचा आग्रह होता. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथील परिषदेने सर्वत्र एकच रविवार पाळण्याचा निर्णय दिला. पुढे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार, हा नियम रूढ झाला.

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. मराठी पंचांग हे अंतर अधिक मासाने भरून काढते. ईस्टरच्या गणितात १९ सौरवर्षे म्हणजे २३५ चांद्रमास, हे चक्र वापरले गेले.

इ. स. ५२५ मध्ये रोममधील भिक्षू डायोनिसियस एक्झिगस याने ईस्टरची नवी कोष्टके तयार केली. जुनी कोष्टके रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या सम्राटाचे स्मरण नको म्हणून त्याने येशूंच्या अवतारापासून वर्षे मोजली. आठव्या शतकात इंग्लंडमधील बीड या विद्वानाच्या ग्रंथांमुळे ही पद्धत युरोपात पसरली. हेरोद राजाचा मृत्यू बहुतेक अभ्यासक इ. स. पू. ४ मध्ये मानतात. त्यामुळे येशूंचा जन्म इसवी सनाच्या आरंभापूर्वी काही वर्षे झाला असावा.

टिपूने १७८७ च्या सुमारास नाण्यांवर हिजरी वर्षाऐवजी ‘मौलुदी’ वर्ष १२१५ घातले. ही गणना प्रेषित मुहम्मद यांच्या जन्मापासूनची मानली जाते. हिजरी सन निव्वळ चांद्र आहे. मौलुदी वर्ष मात्र अधिक मास धरून ऋतूंशी जुळवलेले होते आणि त्यात ६० संवत्सरांचे चक्रही होते. १७९९ मध्ये टिपूच्या मृत्यूनंतर ही गणना मागे पडली. डायोनिसियसची गणना मात्र तिच्यातील चुकीसह जगाच्या व्यवहारात टिकून राहिली.