राळेगणचा खांब

दारू सोडलेल्या माणसाने राहायचे कोठे? उपचार संपतात, माणूस घरी परततो. पण कोपऱ्यावरचा गुत्ता आणि तेथील सोबती जागचे हललेले नसतात. १९७५ पासून या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे आकार घेऊ लागली.

अमेरिकेत मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे व्यसनमुक्तांचे एक सरकारी निवासगृह बंद होत होते. रहिवाशांनी ते घर स्वतःच भाड्याने घेतले. हेच पहिले ‘ऑक्सफर्ड हाउस’. भाडे सर्वांनी वाटून घ्यायचे, निर्णय मतदानाने करायचे, आणि पुन्हा पिणाऱ्याने घर सोडायचे.

त्याच वर्षी सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे नगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धीला परतले. दुष्काळी गाव, दारूच्या भट्ट्या तीसहून अधिक. यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्टीत गेलेले! अण्णांनी स्वतःच्या पुंजीतून देऊळ पुन्हा उभारले आणि तेथेच मुक्काम केला. भट्ट्या बंद करण्याचा निर्धार गावाने त्याच देवळात केला. पुढे पाणलोटाच्या कामांनी शेतीला पाणी मिळाले, भट्टीवाचून पोट भरू लागले. व्यसनमुक्तासाठी वेगळे घर शोधावे लागले नाही. अख्खे गावच तसे घर झाले.

मात्र नियम मोडणाऱ्याला गावाबाहेर काढणार कसे? त्याला खांबाला बांधून पट्ट्याने मारले जाई. अण्णांच्या लेखी हा आईचा कठोरपणा होता. टीकाकारांच्या लेखी निव्वळ जबरदस्ती. टीका सहज झटकता येण्यासारखी नाही. सिल्व्हर स्प्रिंगच्या रहिवाशाने ते घर आणि त्याचे नियम स्वतः निवडले होते. राळेगणचा मद्यपी तेथे जन्मला होता.