बेपत्ता व्यक्तीचा शोध आणि कुटुंबाचा खासगीपणा : शीळफाट्यावरून एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

१

कल्याण-डोंबिवलीकडून येणारा रस्ता शीळ गावापाशी मुंब्रा-पनवेल रस्त्याला मिळतो. तेथून जवळच महापेकडे जाणारी वाट फुटते. या ठिकाणास शीळफाटा म्हणतात. प्रवाशाला तो केवळ वाहनांच्या खोळंब्याचा नाका वाटतो. पोलिस प्रशासनाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास मात्र येथे आणखी एक गोष्ट दिसते. हा फाटा आणि कल्याण, डोंबिवली, मुंब्रा ही गावे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ठाणे पोलिस आयुक्तालयाकडे आहेत. महापेच्या बाजूस १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई आयुक्तालयाची हद्द लागते. उत्तरेस दिवा-मुंब्रा हा लोहमार्ग असून त्यावरील घटनांचा तपास लोहमार्ग पोलिस करतात. काही मैलांच्या टापूत तीन स्वतंत्र यंत्रणा आणि त्यांची तीन स्वतंत्र दप्तरे आहेत. हरवलेला माणूस मात्र हद्द पाहून हरवत नाही.

जुलै २०२४ मध्ये या फाट्यानजीकच्या डोंगरावर, एका देवळाच्या परिसरात, एका विवाहित स्त्रीचा मृतदेह सापडला. ती बेपत्ता असल्याची खबर नवी मुंबईच्या हद्दीत दिलेली होती. खुनाचा गुन्हा शीळ-डायघर पोलिस ठाण्यात नोंदला गेला. बलात्कार व खून या आरोपांखाली देवळातील तिघा सेवेकऱ्यांना अटक झाली. प्रस्तुत लेखात त्या स्त्रीचे नाव नाही आणि तिच्या घरची हकिकतही नाही. त्या दिवसांतील वृत्तांतांत मात्र ती घरातून का निघाली, याची चर्चा विस्ताराने होती. शोध तेव्हा संपलेला होता आणि आरोपीही कोठडीत होते. मग त्या चर्चेचा उपयोग कोणाला होता? हा प्रश्न केवळ नीतीचा नाही, त्याला इतिहास आहे. बेपत्ता व्यक्तीविषयी समाजाने काय सांगावे, काय झाकावे, पोलिसांनी काय विचारावे आणि वृत्तपत्रांनी काय छापावे, यांविषयीचे आपले संकेत कसे बनत गेले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२

या विषयाच्या अभ्यासास उपयुक्त असे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके प्रकरण म्हणजे पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचे होय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५९ च्या निकालात त्याची साद्यंत हकिकत आली असल्यामुळे आपणांस ऐकीव गोष्टींवर विसंबण्याचे कारण नाही.

लक्ष्मीबाई या शुक्रवार पेठेत राहणाऱ्या सधन विधवा. त्यांना मधुमेहाचा विकार होता. त्यांच्याच घरात भाडेकरू म्हणून आलेले डॉक्टर अनंत चिंतामण लागू हे त्यांचे वैद्यकीय सल्लागार झाले आणि पुढे घरच्या व्यवहारातही त्यांचा शब्द चालू लागला. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईस तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृती दाखवावयाची म्हणून लक्ष्मीबाई त्यांच्यासमवेत रेल्वेने निघाल्या. घाट उतरून कल्याण, दिवा, मुंब्रा, ठाणे असा त्या गाडीचा मार्ग. पहाटे गाडी मुंबईस पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले आणि त्याच दिवशी दुपार होण्यापूर्वी त्यांचा मृत्यू झाला.

रुग्णालयाच्या कागदांवर मात्र लक्ष्मीबाई कर्वे या नावाची कोणी स्त्री नव्हतीच. लग्नापूर्वी त्यांचे नाव इंदुमती होते. लागूंनी 'इंदुमती' हेच नाव सांगितले आणि आडनाव माहेरच्या आडनावासारखे, पण किंचित वाकवून दिले. आपली या बाईंशी ओळख केवळ प्रवासात झाली, असेही त्यांनी सांगितले. आपल्याकडील स्त्रीला लग्नाने दुसरे नाव मिळते. पहिले नाव माहेरच्या आठवणीत राहते, दुसरे सरकारी दप्तरात येते. या दोन नावांच्या मधल्या फटीत एक सबंध बाई नाहीशी करता आली, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये. मृतदेह बेवारस ठरला; शवविच्छेदन झाले ते कित्येक दिवस लोटल्यावर, आणि त्यात विष सापडले नाही.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या आप्तस्नेह्यांना त्यांच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण यात्रेस गेलो, जोशी नावाच्या गृहस्थाशी विवाह केला, दूर राजस्थानात स्थायिक झालो, आता आपला शोध करू नये, असा त्यांचा आशय होता. त्याच काळात त्यांच्या बँकेतील ठेवी आणि शेअर बनावट सह्यांच्या आधारे हलविले जात होते. अखेर नातलग व स्नेही यांना संशय आला, त्यांनी अधिकाऱ्यांकडे अर्ज केले आणि १९५८ मध्ये लागूंना अटक झाली. सत्र न्यायालयाने त्यांना देहान्ताची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तिला दुजोरा दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. विष सापडले नाही तरी परिस्थितिजन्य पुराव्यावरून विषप्रयोग सिद्ध होऊ शकतो, या तत्त्वासाठी हा निकाल विधिशास्त्राच्या ग्रंथांत सांगितला जातो.

३

आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रकरणातील मर्म निराळे आहे. मृत्यू आणि अटक यांमध्ये वर्षाहून अधिक काळ गेला. या काळात मुंबईच्या रुग्णालयाच्या दप्तरात एक बेवारस प्रेत होते आणि पुण्यात एक रिकामे घर होते. दोन्ही नोंदींना एकमेकींचा पत्ता नव्हता. त्यांना जोडणारा दुवा जो एकमेव मनुष्य होता, त्यानेच तो दडविला होता. हा झाला यंत्रणेचा दोष.

दुसरा दोष आपल्या लोकरीतीचा आहे. त्या बनावट पत्रांची योजना पाहावी. विधवेने उतारवयाकडे झुकताना पुनर्विवाह केला, असे कळताच मध्यमवर्गीय नातलग काय करतील, याचा पत्रलेखकाने अचूक अंदाज बांधला होता. ते दुखावतील, कुजबुजतील, पण चारचौघांत बोलणार नाहीत. पोलिसांत तर मुळीच जाणार नाहीत. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्येही, त्याविषयीचा संकोच एवढा जिवंत होता की गुन्हा झाकण्यासाठी त्यावर भरवसा ठेवता आला. घराची अब्रू जपण्याची ही सवय खासगीपणाचा आदर करणारी दिसते. प्रत्यक्षात तिने बाईंचे रक्षण न करता त्यांच्या मारेकऱ्याचे केले. तेव्हा गुप्तता आणि खासगीपणा ही एकच वस्तू समजणे चुकीचे आहे. खासगीपणा हा ज्या व्यक्तीचा असतो तिच्या हितासाठी असतो. तिच्या नावाने दुसराच कोणी मौन मागत असेल, तर त्या मौनाची चौकशी झाली पाहिजे.

याच निकालातील न्यायमूर्ती सरकार यांचे भिन्न मतही नोंदण्याजोगे आहे. मृत्यू विषानेच झाला हे संशयातीत सिद्ध झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तीन न्यायालयांत साक्षीपुरावे तपासून झाल्यावरही एका न्यायाधीशाच्या मनात शंका उरली. मग मृतदेह सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना सर्व काही उमगलेले असते, त्यांच्या आत्मविश्वासाविषयी आपण काय म्हणावे?

४

मौन बाधक ठरते हे एकदा मान्य केले म्हणजे प्रसिद्धीची गरज आपोआप मान्य होते. प्रश्न प्रसिद्धीच्या स्वरूपाचा आहे. या बाबतीत महाराष्ट्रात एक उत्तम परंपरा आहे, आणि ती परिचित असल्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील 'आपण यांना पाहिलंत का?' हा कार्यक्रम एका पिढीला पाठ होता. छायाचित्र दिसे आणि संथ, भावनारहित आवाजात मजकूर वाचला जाई : नाव, वय, उंची, बांधा, रंग, अंगावरील कपडे, बोलावयाची भाषा, ओळखण्याची खूण, आणि कोठून नाहीसे झाले ते ठिकाण. वृत्तपत्रांतील 'हरवले आहेत' या सदराखालील निवेदनांचा साचाही हाच. यात व्यक्तीचे वर्णन आहे, वर्तनाची चिकित्सा नाही. ती घरात भांडून गेली की परीक्षेत नापास होऊन, याचा उल्लेख नसे. कारण रस्त्यावर तिला ओळखणाऱ्या माणसाला त्याची गरज नसते. फारतर एखाद्या घरच्या निवेदनात 'कोणी रागावणार नाही, परत ये' एवढीच ओळ असे, आणि तीही वाचकासाठी नसून हरवलेल्या माणसासाठी असे.

हे निवेदनकार कोणत्याही नीतिसंहितेचे अभ्यासक नव्हते. तरीही त्यांनी व्यवहारातून एक कसोटी सिद्ध केली होती : ओळखीस जे साहाय्य करते ते सर्वांस सांगावे, कारणमीमांसेस जे साहाय्य करते ते तपास करणाऱ्यासच सांगावे. पोलिसांनी घरातील कलह, पैशाचे व्यवहार, आजार, स्नेहसंबंध यांविषयी विचारलेच पाहिजे. त्याविना तपास होत नाही. पण चौकशीच्या खोलीत विश्वासाने सांगितलेली गोष्ट वार्ताहर परिषदेत आली म्हणजे पुढच्या कुटुंबाचे तोंड बंद होते. ज्या घरातील मुलगी उद्या नाहीशी होईल ते घर आजची बातमी वाचत असते.

५

न्यायालयांनी हीच कसोटी हळूहळू कायद्याच्या भाषेत आणली. बलात्कारपीडितेची ओळख प्रकट करणे भारतीय दंडसंहितेच्या २२८-अ या कलमान्वये १९८३ मध्ये गुन्हा ठरले. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना सार्वजनिक दप्तरातील मजकुरास अपवाद केला; आणि त्या अपवादासही अपवाद सांगितला, तो लैंगिक अत्याचार, अपहरण व तत्सम गुन्ह्यांतील स्त्रियांचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट झाले की पीडितेच्या मृत्यूने हे संरक्षण संपत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात हीच तरतूद आहे. शीळफाट्याची घटना नव्या संहितेच्या पहिल्याच महिन्यातील.

माध्यमांविषयी मुंबई उच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०२१ चा नीलेश नवलखा प्रकरणातील निकाल मार्गदर्शक आहे. चालू तपासात मृताच्या वा आरोपीच्या चारित्र्याची चिकित्सा, साक्षीदारांच्या मुलाखती, घटनेचे काल्पनिक पुनर्दर्शन यांपासून माध्यमांनी दूर राहावे, असे त्यात सांगितले आहे. पोलिसांनी वार्ताहरांस काय व किती सांगावे याविषयी सविस्तर नियमावली तयार करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयास दिले.

तथापि या साऱ्या विकासात एक विसंगती उरते. बेपत्ता बालकाच्या बाबतीत गुन्हा नोंदून तपास करण्याचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी घातला. सज्ञान व्यक्तीचे नाहीसे होणे मात्र स्वतःहून गुन्हा ठरत नाही; ती स्वेच्छेने गेलेली असू शकते आणि तो तिचा हक्क आहे. म्हणून तिची केवळ नोंद होते. हे तत्त्व योग्यच आहे. परंतु 'ती आपणहून गेली असेल' हे वाक्य हक्काच्या आदरापोटी उच्चारले जाते की कामाच्या टाळाटाळीपोटी, हे बाहेरून ओळखता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या वेळी बनावट पत्रांनी जे काम केले, तेच काम हे एक वाक्य पुष्कळदा पत्रांवाचून करते. ज्या ठिकाणी तीन हद्दी शेजारी शेजारी आहेत, तेथे तर ते फारच सोयीचे पडते.

६

यावरून निष्पन्न होणारा निष्कर्ष थोडक्यात असा. बेपत्ता व्यक्तीच्या प्रकरणात चुका दोन दिशांनी होतात, आणि त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आरंभी, जेव्हा बोलणे अवश्य असते, तेव्हा घर लाजेने आणि ठाणे आळसाने गप्प राहते. शेवटी, जेव्हा बोलण्याने कोणाचाही शोध लागावयाचा नसतो, तेव्हा सर्वच बोलू लागतात. १९५६ च्या प्रकरणात पहिली चूक ठळक दिसते. २०२४ मध्ये वृत्तांतांत दुसरी दिसली. दोन्हींचा उपाय तो जुना निवेदनकार जाणत होता : वर्णन लवकर व सर्वत्र पोहोचवावे, आणि कारण तपासाच्या कागदांतच ठेवावे.

हा नियम आपणां संशोधकांसही लागू आहे. पोलिस दप्तरे, न्यायालयीन कागद आणि जुनी वृत्तपत्रे ही आपली साधने आहेत, आणि त्यांत असंख्य घरांची दुःखे बांधून ठेवलेली आहेत. या लेखात लक्ष्मीबाईंचे नाव घेतले, कारण त्यांचे नावच हिरावून घेण्यात आले होते. ते परत उच्चारणे हा त्यांना मिळालेल्या न्यायाचा भाग आहे. शीळफाट्याजवळच्या डोंगरावर सापडलेल्या स्त्रीचे नाव घेतले नाही, कारण ते झाकणे हाच तिचा उरलेला हक्क आहे. कोठे नाव घ्यावे आणि कोठे घेऊ नये, याचा निर्णय प्रत्येक कागद उघडताना नव्याने करावा लागतो.

असो. कल्याणहून येणारी वाहने शीळफाट्यावर आजही थबकतात आणि आपापल्या वाटेने जातात. त्यांतील कोणी उद्या घरी पोहोचला नाही, तर प्रथम त्याचे वर्णन सर्व ठाण्यांत पोहोचावे. त्याच्या घरची हकिकत मागाहून, जेथे अवश्य असेल तेथेच, विचारली जावी.