नखप्रसाधनगृह (नेल सलून) : स्वच्छता व व्यवसायपद्धती

हातापायांची नखे कापणे, घासून आकार देणे, रंगवणे, कृत्रिम नखे बसवणे आणि पायांची त्वचा साफ करणे ही कामे मोबदला घेऊन करणारे ठिकाण. महाराष्ट्रात नखे काढण्याचे काम परंपरेने न्हावी नराणीने करीत. स्वतंत्र दुकानाच्या रूपातील हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेत वाढला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी सुमारे वीस व्हिएतनामी स्त्रियांना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली. पुढे त्या राज्यात हा धंदा प्रामुख्याने व्हिएतनामी समाजाच्या हाती आला.

हत्यारे : धातूची हत्यारे (निपर, पुशर, नेलकटर) साबणाने घासून, धुऊन, कोरडी करून जंतुनाशकात पूर्ण बुडवतात. मळ राहिला तर जंतुनाशक पृष्ठभागापर्यंत पोचत नाही, म्हणून धुण्याची पायरी आधी येते. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफ १२१° से. तापमानाला सुमारे १५ मिनिटे देतात. अतिनील दिव्याच्या पेटीने निर्जंतुकीकरण होत नाही. स्वच्छ केलेली हत्यारे ठेवण्यापुरताच तिचा उपयोग. कागदी कानस, लाकडी काडी, बोटांमधील स्पंज या सच्छिद्र वस्तू एका ग्राहकानंतर टाकून द्यायच्या असतात. हेपटायटिस-बी विषाणू कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस टिकतो. त्यामुळे रक्त लागलेले हत्यार नुसते पुसून पुन्हा वापरणे धोक्याचे ठरते.

नखाच्या मुळाशी असलेली क्यूटिकल जंतूंना आत शिरू देत नाही. ती खोल कापल्यास नखुरडे होते. कृत्रिम नख सुटून खाली ओल साचली तर स्यूडोमोनस जीवाणूमुळे नख हिरवे पडते. टाचेची जाड त्वचा पात्याने तासण्यास कॅलिफोर्नियासह अमेरिकेतील अनेक राज्यांत मनाई आहे.

पाय बुडवण्याचे टब : या व्यवसायातील संसर्गाचे सर्वांत तपशीलवार अभ्यासलेले उदाहरण कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथील आहे. २००० मध्ये तेथील एका प्रसाधनगृहाच्या ११० ग्राहकांच्या पायांवर, गुडघ्याखाली, गळवे उठली. कारण मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा माती व नळाच्या पाण्यात आढळणारा, जलद वाढणारा जीवाणू. तो दुकानातील दहाही भोवरा-टबांत (यंत्राने पाणी फिरवणाऱ्या टबांत) सापडला. पाणी आत ओढणाऱ्या जाळीमागे केस व त्वचेचे कण साचले होते. टब रोज वरवर धुतला तरी या जागी जीवाणूंचा थर वाढत राहतो. आधी वस्तऱ्याने पायांचे केस काढलेल्या स्त्रियांना बाधा होण्याचा संभव अधिक दिसला. गळवे महिनोन् महिने राहिली. बरी झाल्यावर काहींच्या पायांवर व्रण उरले. ही पाहणी २००२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. वॉटसनव्हिलच्या घटनेनंतर राज्यातील पाच काउंटींतील १८ दुकानांच्या ३० टबांचीही तपासणी झाली, तेव्हा २९ टबांत मायकोबॅक्टेरिया आढळले. म्हणजे दोष एका दुकानाचा नसून यंत्राच्या रचनेचा व ते साफ करण्याच्या पद्धतीचा होता. त्यानंतर कॅलिफोर्नियाने टबाच्या सफाईचे नियम घातले : प्रत्येक ग्राहकानंतर पाणी सोडून घासणे व जंतुनाशक फिरवणे, दिवसाअखेर जाळी काढून मागचा मळ साफ करणे आणि प्रत्येक सफाईची वहीत नोंद ठेवणे. जाळी व नळ्या नसलेले साधे पातेले वापरल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो.

रसायने व कामगार : टोल्यूइन, फॉर्मल्डिहाइड व डायब्यूटिल थॅलेट या नेलपॉलिशमधील तीन द्रव्यांना ‘विषारी त्रिकूट’ म्हणतात. ती न वापरणाऱ्या दुकानांना मान्यता देण्याचा ठराव सॅन फ्रान्सिस्कोने २०१० मध्ये केला. कामगारांच्या प्रजनन-आरोग्यावरील दूरगामी परिणामांबद्दल मतभेद आहेत. कृत्रिम नखांसाठी मिथिल मेथाक्रिलेट द्रवाच्या वापराविरुद्ध अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकात कारवाई केली. कानशीची धूळ मास्क अडवतो, पण साधा मास्क रसायनांची वाफ अडवत नाही; त्यासाठी मेजापाशीच हवा ओढून बाहेर टाकणारी सोय लागते. जेल नखांतील हेमा या द्रव्यामुळे ॲलर्जी होऊ शकते. युरोपीय संघात ते केवळ व्यावसायिकांनी वापरावे असा नियम आहे.

मत्स्यस्नान (फिश स्पा) : यात पाण्यात बुडवलेल्या पायांची मृत त्वचा लहान मासे खातात. मासे निर्जंतुक करता येत नाहीत, म्हणून अमेरिकेतील काही राज्यांत या पद्धतीवर बंदी आहे.

परवाना : कॅलिफोर्नियात नखकामासाठी ४०० तासांचे, न्यूयॉर्कमध्ये २५० तासांचे प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक असते.

भारत : नेलपॉलिशसारख्या उत्पादनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने नेल टेक्निशियनसाठी प्रशिक्षणाचे निकष ठरवले आहेत. मात्र अमेरिकी राज्यांप्रमाणे परीक्षा घेऊन परवाना देणारे मंडळ भारतात नाही.