दुर्गंध, विष आणि पेशी : हायड्रोजन सल्फाइडविषयक ज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

मावळातील बेडसे येथील लेणी इतिहासाच्या अभ्यासकांना प्रामुख्याने चैत्यगृहाच्या दर्शनी स्तंभांमुळे परिचित आहेत. त्याच लेणीसमूहात खडकात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांत अशा टाक्यास ‘पोढी’ असे म्हटले आहे. बेडसे येथील एका टाक्यावरील लेखात महाभोजाची कन्या व महारठिनी सामडिनिका हिच्या दानाची नोंद आढळते. विद्यार्थ्यांसमवेत केलेल्या एका उन्हाळी क्षेत्रभेटीत, पाणी आटत आलेल्या टाक्याच्या काठावरील गाळात एका विद्यार्थ्याची काठी रुतली आणि सडक्या अंड्यांचा उग्र वास आला. विज्ञान शाखेतून आमच्याकडे आलेली एक विद्यार्थिनी पटकन म्हणाली, “सर, हा तर दुसऱ्या ग्रुपचा वास!” रसायनशास्त्राच्या अध्यापकांना या उद्गाराचा अर्थ सांगावयास नको. हवा न पोहोचणाऱ्या गाळातील जीवाणू पाण्यातील सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. क्षार पृथक्करणाच्या तासाला किपच्या उपकरणातून सोडला जातो तो हाच वायू.

या वायूचा इतिहास अलीकडे ‘विषाकडून औषधाकडे’ अशा प्रवासाच्या रूपाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखकास ही मांडणी अपुरी वाटते. हा वायू कालही विष होता व आजही आहे. बदलला तो त्याच्या उगमाविषयीचा आपला समज. शिवाय या ज्ञानाचा आरंभ ज्यांच्या डोळ्यांच्या व फुप्फुसांच्या मोलाने झाला, त्या माणसांचा या मांडणीत कोठेही उल्लेख येत नाही.

मैलाटाकीतून प्रयोगशाळेकडे

इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांचा कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या घरातील शौचकूप उपसण्यासाठी आलेला कामगार विलक्षण घाईने काम करीत असल्याचे त्यांनी पाहिले व त्यास कारण विचारले. चार तासांहून अधिक काळ येथे राहणे म्हणजे आंधळे होणे, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले. रामाझिनींनी त्याचे डोळे तपासले, तेव्हा ते लाल व अधू झालेले दिसले. या कामगारांच्या खिशांतील तांब्याची व चांदीची नाणी काळी पडतात, हेही त्यांनी नोंदविले. चांदी काळी पडणे ही सल्फाइडची रासायनिक खूण होय. तथापि त्या वेळी या वायूस स्वतंत्र नावही नव्हते. कार्ल विल्हेल्म शेले यांनी त्याचा रासायनिक अभ्यास केला तो १७७७ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ आठ दशकांनी.

पॅरिसमधील कामगारांनी तर या विकारांचे वर्गीकरणच केले होते. डोळ्यांच्या दाहास ते ‘मीत’ म्हणत आणि क्षणात कोसळविणाऱ्या आघातास ‘प्लों’, म्हणजे शिसे. छातीवर शिशाचा गोळा ठेवल्यासारखी होणारी अवस्था त्या एका शब्दात आली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यांनी या प्रश्नाची चौकशी केली, तेव्हा कामगारांचे हे दोन्ही शब्द त्यांना जसेच्या तसे स्वीकारावे लागले. अल्प मात्रा व प्रखर मात्रा यांतील भेद प्रथम कामगारांच्या बोलीत आला, शास्त्रात नंतर.

एकोणिसाव्या शतकात या वायूची प्रतिष्ठा काहीशी वाढली. फ्रेझेनियस यांच्या गुणात्मक पृथक्करणावरील १८४१ च्या ग्रंथाने व डेल्फ्ट येथील किप यांनी १८४४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या उपकरणाने त्यास प्रयोगशाळेत कायमचे स्थान मिळाले. धातूंचे काळे, पिवळे, नारिंगी साके पाडणारा एक अभिकर्मक, एवढीच त्याची ओळख महाविद्यालयीन शिक्षणात दीर्घकाळ राहिली. आपल्यापैकी अनेकांनी तो हुंगला आहे. शरीरात त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र त्या तासाला विचारला जात नसे.

पेशीश्वसनाचा रोध

त्या प्रश्नाचे पहिले नेमके उत्तर पेशीश्वसनाच्या अभ्यासातून मिळाले. केंब्रिज येथील डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम या रंजकद्रव्यांविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. सायनाइडप्रमाणेच हायड्रोजन सल्फाइडही ऑक्सिजन वापरणाऱ्या अंतिम विकरास रोखतो, हे त्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. या विकरास आज सायटोक्रोम ऑक्सिडेज म्हणतात. तंतुकणिकेतील इलेक्ट्रॉनांची साखळी त्याच्यापाशी संपते. तो थांबला की रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीस तो वापरता येत नाही. म्हणजे मैलाटाकीत कोसळलेला माणूस केवळ हवा न मिळाल्याने मरतो असे नाही. त्याच्या पेशींचे श्वसनच बंद पडलेले असते. ‘गुदमरून मृत्यू’ या रूढ शब्दप्रयोगात हा भेद हरवतो.

शरीरातील निर्मिती

दीर्घकाळ प्राण्यांच्या शरीरातील सल्फाइड हा आतड्यांतील जीवाणूंचा उच्छिष्ट भाग मानला जात असे. १९८९ मध्ये मेंदूच्या ऊतींत सल्फाइड असल्याच्या नोंदी आल्या. त्यामागे विषबाधेचा अभ्यास होता, हे लक्षणीय आहे. १९९६ मध्ये काझुहो आबे व हिदेओ किमुरा यांनी मेंदूतील सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज हे विकर हा वायू निर्माण करते व तो मज्जापेशींमधील संदेशवहनावर परिणाम करतो, असे दाखविले. सिस्टाथायोनिन गॅमा-लायेज हे दुसरे विकर रक्तवाहिन्यांत तेच कार्य करते. तिसरेही एक आहे. तिन्हींच्या मागे सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांच्यानंतरचा हा तिसरा संदेशवाहक वायू ठरला. २००८ मध्ये हे दुसरे विकर नसलेल्या उंदरांत उच्च रक्तदाब आढळला आणि हा वायू रक्तवाहिन्या शिथिल करतो या मतास बळ मिळाले. लसणातील गंधकयुक्त संयुगांपासून मानवी रक्तपेशी हाच वायू तयार करतात, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. (आपल्या पाचकांतील पादेलोणाचा वासही याच वायूचा. त्याचे नावच पुरेसे बोलके आहे.)

येथे एका सावधगिरीचा उल्लेख आवश्यक वाटतो. सुरुवातीच्या मापनांत ऊतींतील सल्फाइडचे प्रमाण फार मोठे आले होते. त्या पद्धतींतील आम्लप्रक्रियेमुळे प्रथिनांशी बांधलेले गंधकही मोकळे होत असे. २००८ च्या सुमारास अधिक काटेकोर मापनांनी तो आकडा नॅनोमोल पातळीपर्यंत खाली आणला. तरीही जुने आकडे पुढे बराच काळ उद्धृत होत राहिले. आकडा एकदा संदर्भसूचीत शिरला की त्यास बाहेर काढणे कठीण असते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांसही नवा नाही.

मात्रा आणि व्याधी

याच काळात आणखी एक अनपेक्षित बाब पुढे आली. २००७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी मानवी पेशींच्या तंतुकणिका अल्प प्रमाणातील सल्फाइड इंधन म्हणून वापरतात असे सिद्ध केले. सल्फाइड-क्विनोन ऑक्सिडोरिडक्टेज हे विकर त्यातील इलेक्ट्रॉन काढून श्वसनसाखळीत सोडते आणि सल्फाइडचे अखेरीस थायोसल्फेट व सल्फेट होते. म्हणजे ज्या साखळीस तो अधिक मात्रेत रोखतो, त्याच साखळीस अल्प मात्रेत तो इलेक्ट्रॉन पुरवितो. ही व्यवस्था कोलमडल्यास काय होते, हे एका दुर्मीळ आनुवंशिक रोगाने दाखविले. इथाइलमॅलोनिक एन्सेफॅलोपथी या बालवयातील रोगात सल्फाइडचा निचरा करणाऱ्या साखळीतील एक विकर सदोष असते. शरीरात व आतड्यांत तयार होणारा वायू साचत जातो आणि मेंदू व स्नायू यांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज निकामी होते, असे २००९ मध्ये स्पष्ट झाले. मैलाटाकीत काही क्षणांत घडणारी गोष्ट या बालकांच्या शरीरात संथपणे घडते. ‘विषाकडून औषधाकडे’ ही मांडणी येथे टिकत नाही.

याच्या उलट, हंटिंग्टन रोगात गॅमा-लायेज हे विकर घटलेले असते, असे २०१४ मध्ये दिसून आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशी मात्र बीटा-सिंथेज वाढवून हा वायू स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. औषधनिर्मितीच्या आशा या परस्परविरोधी निष्कर्षांत अडखळल्या आहेत. २००५ मध्ये सिएटल येथे दहा लाख भागांत ८० भाग या प्रमाणात हा वायू देऊन उंदरांचा चयापचय सुमारे ९० टक्क्यांनी मंदावता आला, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. मोठ्या प्राण्यांत तसा परिणाम मिळाला नाही.

लोणावळ्याचा घाट उतरून गेल्यास पालीजवळ उन्हेरे येथे उष्ण पाण्याची कुंडे आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी व उन्हवरे ही त्याच कोकणपट्टीतील स्थाने होत. त्वचाविकारांवर या ‘गंधकाच्या पाण्या’चा उपयोग होतो ही लोकश्रद्धा जुनी आहे. तिचा वैद्यकीय निवाडा करणे प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे. एवढे मात्र सांगता येईल की उघड्या कुंडावर वायू पांगतो व त्याची मात्रा अल्प राहते. बंद टाकीत तसे घडत नाही.

कंदिलाची चाचणी

विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची पद्धत आपल्या ग्रामीण भागात परिचित आहे. कंदील विझला तर खाली उतरावयाचे नाही. ऑक्सिजनची उणीव ओळखण्यास ही पद्धत बऱ्याच अंशी उपयुक्त ठरते. तथापि हजारात एक भाग हायड्रोजन सल्फाइड असलेल्या हवेत कंदील पेटताच राहतो आणि माणूस मात्र एकदोन श्वासांत कोसळतो. नाकाचाही भरवसा नाही. दहा लाखांत एक भागाहून कमी असतानाही जाणवणारा हा वास, प्रमाण शंभरच्या आसपास गेले की काही मिनिटांत नाहीसा होतो, कारण गंधज्ञानच बधिर होते. वास गेला म्हणून निश्चिंत झालेला माणूस प्रत्यक्षात अधिक धोक्यात असतो. हवेपेक्षा जड असल्याने हा वायू तळाशी राहतो. पहिला कामगार कोसळतो, त्यास वाचविण्यासाठी दुसरा उतरतो, मग तिसरा.

सुरक्षासाधनांशिवाय मैलाटाकी व गटार यांत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपयांची भरपाई ठरविली व २०२३ मध्ये ती ३० लाख केली. गोवंडी येथे २०१९ मध्ये मैलाटाकी साफ करताना मरण पावलेल्या तीन कामगारांच्या पत्नींना भरपाई देण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. केलिन यांच्या संशोधनास तेव्हा नऊ दशके उलटली होती.

मृत्यूनंतर रक्तातील सल्फाइड मोजणे अवघड असते. तो लवकर नष्ट होतो, शिवाय कुजण्याच्या क्रियेत नव्याने तयारही होतो. म्हणून न्यायवैद्यकात थायोसल्फेटचा शोध घेतला जातो. पेशीने त्या विषाचा निचरा करण्याचा जो प्रयत्न केला, त्याची ही खूण होय. काही काळ तग धरून मग दगावलेल्या कामगाराच्या लघवीत ती सापडते. जो क्षणात गेला त्याच्या लघवीत ती उतरण्याइतका वेळच मिळालेला नसतो आणि तेथे रक्तच तपासावे लागते. ही तपासणी न करताच शवविच्छेदनाच्या कागदावर ‘गुदमरून मृत्यू’ एवढेच लिहिले गेले, तर कोणत्या वायूने, किती मात्रेत व कोणत्या टाकीत माणूस मारला याची नोंद कोठेच उरत नाही. पुढील संशोधकाच्या हाती, तीनशे वर्षांपूर्वीप्रमाणेच, खिशातील काळी पडलेली नाणी तेवढी राहतात.